काटेकोर काकांचा अस्सल फोटो

"ज्या दिवशी मी फोटोत एका ठिपक्याचाही फेरफार करीन, त्या दिवशी नाव बदलीन!" असं काटेकोर काका छायाचित्र मंडळाच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटून म्हणाले, तेव्हा कुणी फारसं दचकलं नाही. एक तर ते हे दर बैठकीला म्हणत. आणि दुसरं म्हणजे त्यांचं खरं नाव कुणालाच आठवत नव्हतं. त्यांनी ते बदललं असतं तरी कळणार कुणाला?

काका तीस वर्षं वजनंमापं तपासणारे निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानदार चहाचा कप खाली ठेवून तराजू पुसायला लागत. निवृत्त झाल्यावर तपासायला तराजू उरले नाहीत, म्हणून काकांनी कॅमेरा घेतला आणि इतरांचे फोटो तपासायला सुरुवात केली. अमक्याचं आकाश जरा जास्तच निळं आहे, तमक्याच्या आजीला सुरकुत्या कमी पडल्यात, असे गुन्हे ते भिंगातून हुडकून काढत.

त्यातला सराईत गुन्हेगार दुर्दैवानं घरातलाच निघाला. साडू! काकूंच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा फोटो स्टुडिओ चालवायचा. त्याच्या कम्प्युटरमधून बायका दहा वर्षांनी तरुण होऊन बाहेर पडत आणि पुरुषांना गेलेले केस परत मिळत. माणूस हसतमुख आणि गोडबोल्या, त्यामुळे काकांना तो आणखीच संशयास्पद वाटे. मागच्या वर्षी मंडळाच्या प्रदर्शनात साडूनं पाण्याच्या टाकीमागे परातीएवढा चंद्र उगववून पहिलं बक्षीस नेलं. काकांनी घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. ज्या तारखेचा फोटो होता, त्या तारखेला अमावास्या होती!

"अमावास्येला पौर्णिमा!" काका आठवडाभर जेवताना म्हणत राहिले.

"छान दिसत होती पण," काकू म्हणाल्या.

मग काकांनी हट्टानं मंडळाच्या नियमावलीत नियम क्रमांक चार घालून घेतला. तो त्यांच्याच वळणदार अक्षरात होता: फोटोत कम्प्युटरवर कसलाही फेरफार करणे ही फसवणूक समजण्यात येईल, फोटो बाद होईल आणि फसवणाऱ्याचे नाव वर्षभर फलकावर लावण्यात येईल. शिवाय फोटोखाली तो काढल्याचा वार आणि वेळ लिहायची, आणि मागितलं तर कॅमेऱ्यातलं मूळ कार्ड दाखवायचं. "माझं कार्ड कायम माझ्या खिशात असतं. कधीही मागा!" असं म्हणत काकांनी छातीवरचा खिसा थोपटला.

आता प्रश्न एकच राहिला होता. काकांना स्वतःला आजवर एकही बक्षीस मिळालं नव्हतं. उत्तेजनार्थसुद्धा नाही! परीक्षकांनी एकदा त्यांच्या फोटोखाली "प्रामाणिक प्रयत्न" एवढंच लिहिलं होतं, आणि काका त्यालाच शाबासकी समजून बसले होते. पण यंदा त्यांना पहिला नंबर हवा होता. साडूला साडूच्याच डोळ्यांदेखत, सरळ मार्गानं हरवायचं होतं.

आणि तो फोटो त्यांना सापडला. त्यांच्या इमारतीच्या मागे एक बोळ होता, आणि बोळापलीकडे समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर शिंपीणबाई राहायच्या. खिडकीशी मशीन, मशीनवर वाकलेल्या बाई. रोज दुपारी चार चाळीसला सूर्य दोन गच्च्यांच्या फटीतून बरोबर त्या खिडकीवर यायचा आणि सात मिनिटांत निघून जायचा. त्या सात मिनिटांत बाईंचे हात, सुई आणि समोरचं कापड असं काही उजळून निघायचं की काकांच्या हातातला चहा गार व्हायचा. हे मात्र खरं, की काकांना तो उजेड मनापासून आवडायचा. त्यात बक्षिसाचा लोभ नंतर आला.

मंगळवार हा प्रवेशिका पाठवायचा शेवटचा दिवस. संध्याकाळी सहापर्यंत इंटरनेटवरून फोटो पाठवायचा होता. काकांनी तीन वाजताच आपल्या बाल्कनीत तिवई उभी केली, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि हबकले. रोज नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी कॅमेऱ्यात ठळक दिसत होत्या! खिडकीखाली एक निळा प्लास्टिकचा ड्रम. त्याच्याशेजारी काकांच्या इमारतीच्या चेअरमनसाहेबांची पिवळ्या कव्हरातली स्कूटर. दोरीवर तळमजल्यावरच्या दंतवैद्याचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे खिडकीच्या ऐन मधून, बाईंच्या नाकासमोरून गेलेली एक जाड काळी वायर!

"भाऊजींना सांगा, ते दोन मिनिटांत पुसून देतील," काकू आतून म्हणाल्या.

"कम्प्युटरवर? मी? अगं, ती फसवणूक आहे!"

"मग?"

"मग काय! जे फोटोत नको, ते मुळात जागेवरूनच हलवायचं. त्याला फेरफार म्हणत नाहीत. त्याला तयारी म्हणतात."

काका खाली उतरले. ड्रम ओढून त्यांनी कोपऱ्यामागे नेला. तो मूळ जागी गळक्या पाइपाखाली मुद्दाम ठेवलेला होता, हे त्यांचे बूट ओले झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. स्कूटर ढकलत ढकलत बोळाच्या दुसऱ्या टोकाला नेली. पायजमा दोरीवरून उतरवला. आता तो ठेवायचा कुठे? जमिनीवर ठेवणं बरं दिसत नव्हतं. म्हणून त्यांनी त्याची व्यवस्थित घडी केली आणि स्कूटरच्या कव्हराखाली, सीटवर ठेवून दिली.

राहिली वायर. काका समोरच्या जिन्यानं चढून शिंपीणबाईंच्या दारात उभे राहिले.

"बाई, तुमच्या खिडकीसमोरची ती वायर बंद पडलेली आहे. काढून टाकू का?"

"बंद आहे म्हणून कुणी सांगितलं?" पायानं मशीन चालवत बाईंनी विचारलं.

"तिच्यावर धूळ बघा किती आहे! चालू वायरीवर एवढी धूळ बसत नाही."

"बसते की. पण विचारलंत का कुणाला?"

"बाई, मी तीस वर्षं निरीक्षक होतो!"

या उत्तरानं वायर बंद असल्याचं कसं सिद्ध होतं, ते बाईंना कळलं नाही. पण काकांना ते पुरेसं वाटलं. त्यांनी टेबलावरच्या कात्रीकडे हात नेला.

"ओ! कापडाची कात्री आहे ती! हात लावून बघा फक्त!"

काका परत घरी गेले, काकूंची कुंड्यांतली झाडं छाटायची कात्री घेतली, पुन्हा दोन मजले उतरले आणि दोन मजले चढले. चार वाजून अडतीस मिनिटं झाली होती. कमरेपर्यंत खिडकीबाहेर झुकून त्यांनी बाल्कनीतून डावीकडे दिसणाऱ्या हुकापासून चार बोटांवर वायर धरली आणि कच्! वायर सळसळत खाली गेली आणि दुसऱ्या हुकाला बोळाच्या पार टोकाशी लोंबकळत राहिली. ती त्या भिंतीवरून वळून काकांच्याच इमारतीत शिरत होती. ते दिसायला मान थोडी वळवावी लागली असती, पण काकांना घाई होती. ते धापा टाकत आपल्या बाल्कनीत पोचले तेव्हा खिडकीत ऊन आलेलंच होतं.

चार बेचाळीस. बाईंनी सुईत दोरा ओवायला हात वर केला, बोटांच्या कडा सोन्यासारख्या झाल्या, आणि काकांनी बटण दाबलं.

फोटो अप्रतिम होता! यात मात्र काडीची अतिशयोक्ती नाही. काका त्याच्याकडे पाहताना चष्मा दोनदा पुसत होते, आणि चष्म्यावर काही नव्हतं.

मग ते कम्प्युटरसमोर बसले आणि "पाठवा" वर टिचकी मारली. पडद्यावर एक गोल फिरू लागला. पाच मिनिटं फिरला. पाऊण तास फिरला.

"अगं, इंटरनेटला काय झालं?"

"सगळ्या इमारतीचं गेलंय," काकू म्हणाल्या. "जिन्यात आरडाओरडा चाललाय. चेअरमनसाहेब म्हणे कुठल्याशा सभेत भाषण करत होते, अर्धा तास बोलले आणि कुणाला एक अक्षर ऐकू गेलं नाही. पावणेपाचच्या सुमाराला गेलं म्हणतात." त्या थांबल्या. कुंडीजवळ ठेवलेल्या कात्रीला काळ्या प्लास्टिकचा बारीक तुकडा चिकटला होता. त्यांनी तो काढला, काकांकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे, मग पुन्हा काकांकडे.

"अहो... ती वायर..."

"हळू बोल!" काका ओरडले.

सहाला बारा मिनिटं कमी होती. सरळ मार्गानं जाणाऱ्या माणसाला त्या घटकेला जगात एकच ठिकाण उरलं होतं. साडूचा स्टुडिओ! काका फोटो पेनड्राइव्हवर घेऊन ओल्या बुटांनी तिथे पोचले.

"या या, साडूबुवा! आज गरिबाच्या दुकानी?" साडूनं खुर्ची पुढे केली. फोटो पडद्यावर उघडला तेव्हा त्याचं हसू मावळलं. तो पडद्याजवळ सरकला. "तुम्ही काढलात?" त्यानं विचारलं, आणि त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्यानंच फोटो पाठवून दिला. नंतर पडद्याच्या डाव्या कडेला बोट टेकवून तो म्हणाला, "इथे मात्र काहीतरी गंमत आहे बरं का." पण तोवर काका रस्त्यावर पोचले होते.

दुसऱ्या दिवशी इंटरनेटवाला येऊन नवी वायर टाकून गेला. जाताना चेअरमनसाहेबांना सांगून गेला, की ही उंदराची करामत नाही, वायर कापलेली आहे. चेअरमनसाहेबांनी तातडीनं वाहनतळावर सगळ्यांना गोळा केलं.

"माझी स्कूटर हलवली! स्कूटरवर कुणाचा तरी पायजमा ठेवला! त्यावरून मला घरात काय काय ऐकावं लागलं ते माझं मला ठाऊक! ड्रम पळवून बोळभर पाणी केलं! आणि वायर कापली! हे एकट्यादुकट्याचं काम नाही, ही टोळी आहे!"

"पायजमा माझा आहे," दंतवैद्य हात वर करून म्हणाला.

"तुमचा तुम्ही घेऊन जा. पण टोळी सापडली की मी तिला पोलिसांतच देणार! चौकशीला आपल्यात माणूस आहेच." आणि चेअरमनसाहेबांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "तीस वर्षं निरीक्षक होते!"

काकांनी चौकशी केली. करणार काय? भिंग घेऊन ते वायरीच्या तुकड्यासमोर उकिडवे बसले आणि वहीत लिहिलं: कात्रीला धार चांगली होती. शिंपीणबाईंचा जबाब घ्यायला चेअरमनसाहेबही बरोबर आले. काकांनी वही तोंडासमोर धरली.

"माझी मान खाली होती. मी शिवत होते," बाई म्हणाल्या, आणि काकांकडे बघून त्यांनी दातानं दोरा तोडला.

"तुम्ही फोटो नाही हो बदललात," त्या दिवशी काकू घरी म्हणाल्या. "तुम्ही अख्खा बोळ बदललात. भाऊजींचं पुसणं परवडलं. त्यात निदान कुणाचे पाय तरी ओले होत नाहीत."

"तत्त्वाचा प्रश्न आहे," काका म्हणाले, पण आवाज नेहमीसारखा लागला नाही.

रविवारी प्रदर्शन होतं. पहिला नंबर काटेकोर काकांचा! निरोप आदल्याच दिवशी आला होता, आणि तो आल्या आल्या काकांनी आनंदाच्या भरात सगळ्या इमारतीला आमंत्रण देऊन टाकलं. चेअरमनसाहेब, दंतवैद्य, नवी साडी नेसलेल्या शिंपीणबाई, सगळे दिवाणखान्याएवढ्या त्या सभागृहात दाटीवाटीनं उभे राहिले. दुसरा नंबर साडूचा होता. नियम चारला घाबरून त्यानं यंदा एका बादलीचा फोटो दिला होता. त्यात बादलीखेरीज काहीच नव्हतं.

काकांच्या फोटोसमोर गर्दी होती. परीक्षकबाई वर्तमानपत्रात आयुष्यभर फोटो काढून निवृत्त झालेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "असा उजेड पकडायला नशीब लागतं आणि चिकाटीही." काकांनी पुन्हा चष्मा पुसला.

"फोटो सुरेखच आहे," साडू म्हणाला. "पण नियम चार कुणाचा आहे बरं? ही बघा डावीकडची वायर. हुकातून निघते, चार बोटं पुढे येते आणि हवेत नाहीशी होते! पुसताना एवढा तुकडा राहून गेला, साडूबुवा. पहिल्यांदा होतं असं सगळ्यांचं."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. काका ताठ उभे राहिले. तीस वर्षांची कमाई पणाला लागली होती! "मी? पुसलं? माझं मूळ कार्ड..." त्यांचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला.

"वायर?" मागून चेअरमनसाहेबांचा आवाज आला. "कुठली वायर?" ते गर्दीतून पुढे आले, चष्मा चढवला आणि फोटोला नाक लावलं. मग खालची चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "मंगळवार, चार बेचाळीस." त्यांनी सावकाश मान वळवली. "इंटरनेट गेलं पावणेपाचच्या सुमाराला. चार बेचाळीसला जर वायर तिथे नसेल, तर..."

काकांचा हात खिशातच राहिला. बोटांना कार्ड लागत होतं. ते बाहेर काढलं की काका जगातले सगळ्यांत प्रामाणिक फोटोग्राफर ठरणार होते, आणि पुढच्या मिनिटाला टोळी!

"सोपं आहे," परीक्षकबाई म्हणाल्या. "कार्ड दाखवा. फोटो पुसलेला नसेल, तर बक्षीस तुमचं."

"कार्ड..." काका म्हणाले, "हरवलं."

"म्हणजे वायर तुम्ही पुसलीत?"

"हो."

"आणि माझी स्कूटर? ती तर तिथेच असते!"

"पुसली."

"ड्रम?"

"तोही."

"पायजमा?" दंतवैद्यानं उत्सुकतेनं विचारलं.

"पायजमाही पुसला!" काका कळवळून म्हणाले.

चेअरमनसाहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "असं होय! म्हणजे वायर तेव्हा जागेवरच होती. मी उगाच भलती शंका घेतली." त्यांनी काकांची पाठ थोपटली. "पण कमाल आहे हो तुमची! कुठे खूण नाही की डाग नाही. तेवढा तुकडा सोडला तर एकदम बेमालूम!"

ज्यानं जन्मात एक ठिपका पुसला नव्हता, त्यानं तिथल्या तिथे स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दिलं, की मी फोटोत कम्प्युटरवर फेरफार केला. पहिलं बक्षीस बादलीला गेलं. काकांचं नाव फलकावर लागलं, आणि अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की त्यांचं खरं नाव काय आहे. त्यांना रडू येत होतं, पण ते आवरून त्यांनी साडूसाठी टाळ्या वाजवल्या.

गर्दी पांगली तेव्हा शिंपीणबाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"फोटो छान आलाय माझा," त्या हळूच म्हणाल्या. "मला एक मोठा करून द्या. फक्त ही हनुवटीखालची घडी आहे ना, ती काढा. आणि नाक थोडं बारीक."

"बाई, मी असले फेरफार..."

"आणि हे केसातलं पांढरं. आता सगळ्यांना माहीत आहे, तुम्हाला येतं ते." त्यांनी पदर सावरला. "बाकी मी काय, खाली मान घालून शिवणारी बाई. मला काही दिसत नाही. तुमची कात्री चांगली होती मात्र."

सोमवारी दुकान उघडायच्या वेळेला काटेकोर काका साडूच्या स्टुडिओत, कम्प्युटरसमोरच्या स्टुलावर येऊन बसले. खिशातलं कार्ड त्यांनी मुकाट्यानं टेबलावर ठेवलं. साडूनं ते कम्प्युटरला लावलं, मूळ फोटो उघडला आणि डावीकडच्या त्या चार बोटांच्या वायरीकडे टक लावून पाहत राहिला. मग त्यानं काकांकडे पाहिलं. मग काकांच्या पाण्यानं डागाळलेल्या बुटांकडे. त्यानं फक्त दोन चहा मागवले आणि खुर्ची जवळ ओढली.

"हं. चला, सोप्यापासून सुरुवात करू," तो म्हणाला. "आधी वायर कशी काढायची ते शिकवतो."

काका चहाच्या कपात बघत पुटपुटले, "वायर राहू द्या. तेवढी येते मला."